तारण बुडाले, बँक बुडाली : मुंबई १८६५

१/ बँक ऑफ बॉम्बे. स्थापना १८४०. सरकार स्वतः भागधारक, संचालक मंडळावर सरकारचे प्रतिनिधी. तेजीच्या शिखरावर तिच्या एका शेअरला २,८५० रुपये मिळत होते. पुढे तोच शेअर ८७ रुपयांवर आला. कोणी दरोडा घातला नव्हता. तिजोरीत तारणाचे कागद अगदी शाबूत होते. मग बँक बुडाली कशी? आजचा धागा याच प्रश्नावर.

२/ आधी बँकेचा मूळ व्यवहार समजून घेऊ. बँक इतरांचा पैसा घेऊन कर्जे देते. घेतलेला पैसा मागताक्षणी परत द्यावा लागतो. दिलेले कर्ज मात्र मुदत संपल्यावरच परत येते. या दोहोंमधल्या फटीत बँकेला सावरते ते तारण. कर्ज थकले तर ते विकायचे. आपल्यालाच रोकड हवी असेल तर ते मोठ्या धनकोकडे गहाण ठेवायचे. थोडक्यात, अडचणीच्या दिवशी ज्याचे पैसे होतात तेच खरे तारण.

३/ बँकेच्या मूळ सनदेला हे पक्के ठाऊक होते. सरकारी कर्जरोखे, सहजी न नासणारा माल अशा मोजक्या गोष्टींवरच कर्ज देण्याची तिला मुभा होती. घरे, जमिनी, कंपन्यांचे शेअर यांवर कर्ज नाही. व्यापाऱ्यांना ही बंधने जाचक वाटत. बँक मात्र या बंधनांमुळेच सुरक्षित होती.

४/ पुढे दोन बदल झाले. पहिला बँकेच्या पैशाच्या उगमात. १८६१च्या कागदी चलन कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. बदल्यात सरकारी खजिन्यातील शिल्लक बँकेकडे राहू लागली. रक्कम मोठी होती, पण ती धनकोची ठेव होती; धनी मागेल तेव्हा परत देण्याची.

५/ दुसरा बदल तारणात. १८६३च्या दहाव्या कायद्याने सनद सैल केली आणि कंपन्यांच्या शेअरवर कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. भांडवलही ५२.२५ लाखांवरून वाढत २.०९ कोटी रुपयांपर्यंत गेले. पैसा वाढला, तारणाची अट ढिली झाली, आणि नेमक्या त्याच वेळी मुंबईवर पैशाचा पाऊस पडत होता.

६/ हा पाऊस आला अमेरिकेतून. १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. खानदेश, वऱ्हाड, गुजरात, धारवाडचा कापूस मुंबईमार्गे इंग्लंडला जाऊ लागला. युद्धाच्या काळात मुंबईच्या पदरात सुमारे ७ कोटी पौंडांहून अधिक जादा रक्कम पडली, असा अंदाज सांगितला जातो.

७/ एवढा पैसा गुंतवायचा कुठे? नव्या कंपन्या निघाल्या. जानेवारी १८६५ मध्ये शहरात ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ भूमी कंपन्या होत्या. सर्वांत गाजली ती समुद्र हटवून जमीन काढू पाहणारी बॅक बे रिक्लमेशन कंपनी. तिचा ५,००० रुपयांचा शेअर सुमारे ५०,००० रुपयांपर्यंत चढला. जमीन अजून पाण्याखालीच होती.

८/ आता चक्र पाहा. शेअर घ्या. तो बँकेत तारण ठेवा. मिळालेल्या कर्जातून आणखी शेअर घ्या. मागणीमुळे भाव चढतो. भाव चढला की जुन्या तारणाचीही किंमत वाढते. त्यावर आणखी कर्ज. बँकेच्या वहीत प्रत्येक कर्जापुढे भरभक्कम तारण दिसत होते. पण ते तारण फुगवणारी हवा बँकेच्याच कर्जाची होती.

९/ या काळातील सर्वांत मोठे नाव प्रेमचंद रायचंद. शेअर बाजारात त्यांचा शब्द चाले आणि बँक ऑफ बॉम्बेच्या कारभारावरही त्यांचा मोठा प्रभाव होता. १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी २ लाख रुपये दिले. राजाबाई टॉवर त्यातूनच उभा राहिला.

१०/ एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आला आणि युद्ध संपत आल्याची वार्ता मुंबईत पोहोचली. कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा कित्येक वायद्यांचा हिशेब चुकता करण्याचा दिवस. देणे सर्वांचेच होते, देण्याची ऐपत फारच थोड्यांची. व्यापारी पेढ्यांची एकामागून एक दिवाळी निघू लागली. बॅक बेचा शेअर २,००० रुपयांच्याही खाली घसरला.

११/ इथे तारणाचा खरा दोष उघडा पडला. कर्जदार शेअरचा व्यापारी, आणि त्याचे तारणही शेअरच. ज्या दिवशी तो बुडाला, त्याच दिवशी तारणही बुडाले. शिवाय सगळे एकाच वेळी विकायला निघालेले, घेणारा कोण? सरकारी रोख्याला अशा दिवशीही गिऱ्हाईक मिळते. अर्धवट भरलेल्या खाडीच्या शेअरला कुठून मिळणार?

१२/ ठेवीदारांचा विश्वास उडाला. जवळजवळ सगळे भांडवल गमावून १८६८ मध्ये बँक गुंडाळली गेली आणि त्याच वर्षी त्याच परंपरेत नवी बँक ऑफ बॉम्बे उभी राहिली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने कारणे नोंदवली : शेअरवर कर्जाची मुभा देणारा १८६३चा कायदा, त्या अधिकाराचा दुरुपयोग करणारे सचिव, संचालकांची बेपर्वाई आणि असमर्थता, योग्य कायदेशीर सल्ल्याचा अभाव, आणि तो असाधारण काळ.

१३/ या यादीत कायद्याचा मान पहिला आहे, हे लक्षात घ्या. माणसे लोभी होतीच. पण १८६३ पर्यंत त्यांच्या लोभाला सनदेची वेसण होती. १८७६च्या प्रेसिडेन्सी बँक कायद्याने तिन्ही इलाख्यांच्या बँकांना पुन्हा कडक बंधने घातली. १९२१ मध्ये या तीन बँका एकत्र येऊन इंपीरियल बँक झाली आणि १९५५ मध्ये तिचीच भारतीय स्टेट बँक.

१४/ आज बँकांना रोकड कमी पडली तर त्या रिझर्व्ह बँकेकडे रेपो व्यवहारातून पैसे घेतात, आणि तिथे तारण म्हणून सरकारी रोखे द्यावे लागतात. शेअर बाजार कितीही तेजीत असला तरी तिथे शेअर चालत नाहीत. पुढे कधी कोणी म्हणाले की, ‘तारण आहे, चिंता नको’, तर एकच प्रश्न विचारा : हा कर्जदार बुडेल त्या दिवशी हे तारण विकत कोण घेईल? १८६४ मध्ये हा प्रश्न बँकेच्या संचालकांनी विचारायला हवा होता.

(धागा समाप्त)