रांग मोडतं कोण? विरार लोकल, रोलर कोस्टर आणि माझी फसलेली सिनॉप्सिस



पेटची तयारी करणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न असतो, "विषय कसा सुचतो?" आज माझा विषय कसा सुचला यापेक्षा तो आधी कसा चुकला, ते सांगते. चुकीतून जास्त शिकता येतं, असा माझा तरी अनुभव आहे.

माझा विषय आहे रांगेचा इतिहास. नालासोपाऱ्यात शेजारपाजारी हे सांगितलं की पहिलं वाक्य ठरलेलं येतं, "आपल्याकडे रांग असते तरी कुठे?" लोक हसतात, मीही हसते. पण गंमत अशी, की हेच वाक्य जरा भारदस्त शब्दांत माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये होतं. "भारतीय समाजात रांगेची शिस्त रुजली नाही, त्याची कारणे शोधणे हा प्रस्तुत संशोधनाचा हेतू आहे." मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, "हे निरीक्षण आहे की निष्कर्ष? आणि कुणाच्या तोंडचं?"

या दोन प्रश्नांनी माझं एक वर्ष खाल्लं. ते वर्ष वाया गेलं नाही.

एक जुनी आठवण

सातवीत आमच्या शाळेची सहल एका अम्युझमेंट पार्कला गेली होती. रोलर कोस्टरची रांग लांबलचक होती. आमच्यातली एक मुलगी आधी पळत जाऊन उभी राहिली आणि तिने "जागा पकडली". आमचा नंबर जवळ आल्यावर आम्ही दहा जणी दांड्याखालून वाकून तिच्याजवळ गेलो. मागे एक काकू लहान मुलाला घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, एकीने जागा पकडली म्हणजे दहा जणींची झाली का?" आम्ही खिदळलो. त्यांच्या मागे शेकडो माणसं होती, पण दुसरं कुणीच बोललं नाही.

सिनॉप्सिस लिहिताना मी हा प्रसंग "शिस्त नाही" याचा पुरावा म्हणून मनात धरला होता. आता वाटतं, त्यात माझ्या गृहीतकाच्या उलटाच पुरावा होता. काकूंना नियम माहीत होता. आम्हालाही माहीत होता, नाहीतर वाकून का गेलो असतो? प्रश्न नियम नसल्याचा नव्हता. तो मोडल्यावर नुकसान कुणाचं होतं आणि बोलायचं कुणी, हा प्रश्न होता.

रांग यंत्रातून येते

रोलर कोस्टरचा इतिहास साधारणपणे न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडपासून सांगतात. १८८४ मध्ये लामार्कस थॉम्प्सन यांनी तिथे 'स्विचबॅक रेल्वे' सुरू केली. भाडं ५ सेंट आणि वेग ताशी जेमतेम ६ मैल. गाडी उतारावरून टोकाला जायची, मग माणसं ती ढकलून दुसऱ्या रुळावर आणायची. आज ऐकून हसू येईल, पण लोकांनी गर्दी केली.

या यंत्राचा स्वभाव असा, की ते माणसं एकेक करून घेत नाही, घासाघासाने घेते. समजा गाडीत २४ जागा आहेत आणि दर दोन मिनिटांनी एक गाडी सुटते. म्हणजे तासाला ७२० माणसं. तुमच्यापुढे १०८० जण असतील तर दीड तास उभं राहायचं. तुम्ही जपानी असा नाहीतर विरारकर, हिशेब बदलत नाही. या हिशेबाचं शास्त्रही आहे. कोपनहेगनमध्ये ए. के. एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोन कॉल्सच्या गर्दीवर निबंध लिहिला, तिथून ते सुरू झालं. १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी एक साधं सूत्र सिद्ध केलं: रांगेतली सरासरी माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा सरासरी वेळ. मानव्यशाखेतल्या मुलांनो, घाबरू नका. हे एवढं गणित यायलाच हवं.

कारण आता आमच्या दहा जणींचा हिशेब करता येतो. तासाला ७२० माणसं, म्हणजे दर माणशी ५ सेकंद. आम्ही दहा जणी घुसलो, म्हणजे मागच्या प्रत्येकाला सरासरी ५० सेकंद उशीर झाला. ५० सेकंदांसाठी कोण भांडणार? पण मागे हजार माणसं असतील तर त्यांचे मिळून जवळपास १४ तास आम्ही खाल्ले. नुकसान मोठं, पण इतकं बारीक वाटलं गेलेलं की कुणाला जाणवतच नाही. काकूंना तेवढं दिसलं, कारण त्या अगदी मागेच होत्या.

हे फक्त आपल्याकडे होतं का? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम आणि सहकाऱ्यांचा १९८६ चा एक प्रसिद्ध निबंध आहे. न्यूयॉर्कमधल्या १२९ रांगांमध्ये त्यांनी मुद्दाम माणसं घुसवली. एकच जण घुसला तेव्हा निम्म्याहून थोड्याच जास्त रांगांमध्ये कुणीतरी हरकत घेतली. दोघे घुसले तेव्हा दहापैकी नऊ रांगांमध्ये. हरकत घेणारा बहुतेक वेळा अगदी मागचा माणूस होता. आणि घुसणाऱ्याच्या मागचे एकदोघे गप्प राहिले, तर त्यांच्या मागचेही सहसा बोलत नव्हते. म्हणजे आमच्या सहलीत घडलं ते न्यूयॉर्कमध्येही घडत होतं. माझी सिनॉप्सिस इथे पहिल्यांदा गडगडली.

जत्रेतला पाळणा आणि पार्कातलं एकच तिकीट

मग इतिहास कुठे आहे? तो आहे रांगेच्या किमतीत.

आपल्या जत्रेत प्रत्येक पाळण्याचं तिकीट वेगळं असतं. गर्दी वाढली की पाळणेवाला फेऱ्या कमी करतो, त्यामुळे नंबर लवकर लागतो. कॅलिफोर्नियात १९५५ मध्ये डिस्नेलँड सुरू झालं, तेव्हा तिथेही राइडप्रमाणे कूपनं असायची. साध्या राइडला 'ए', आणि १९५९ पासून सगळ्यात भारी राइडला 'ई'. १९८२ मध्ये ही कूपनांची पुस्तकं बंद झाली आणि गेटवरच्या एका तिकिटात सगळं मिळू लागलं. ग्राहकाला ही सोय वाटते. पण एकदा आत गेल्यावर भारी राइड आणि साधी राइड दोन्ही 'फुकट' झाल्या, की सगळे भारी राइडकडे धावतात. तिथली किंमत मग पैशात नाही, वेळात मोजली जाते.

एकाच तिकिटात सगळ्या राइड्स देणारे मोठे पार्क आपल्या भागातही आले. १९८९ मध्ये गोराईला एसेलवर्ल्ड सुरू झालं आणि १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम. वसई-विरारच्या मुलांना ते भाईंदर-उत्तनच्या रस्त्याने जवळ. नाहीतर बोरिवलीला उतरून गोराई खाडीतली फेरीबोट. मग २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आलं, तिथला 'नायट्रो' हा पायाखाली फरशी नसलेला कोस्टर आला, आणि त्याबरोबर जास्त पैसे भरून वेगळ्या रांगेतून जायचं एक्स्प्रेस तिकीटही.

हे तिकीट इतिहासाच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. डिस्नेने १९९९ मध्ये 'फास्टपास' काढला तो फुकट होता. ठरलेल्या वेळी या, तोवर दुसरीकडे फिरा. तिकीट काढलेल्या कुणालाही तो घेता यायचा. २०२१ मध्ये तो गेला आणि त्याच्या जागी पैसे भरायची सोय आली. आता पुन्हा आपला हिशेब लावा. एक्स्प्रेस तिकीटवाले दहा जण पुढे गेले, तर मागच्यांचे तेच ५० सेकंद जातात. आम्ही दहा जणी गेलो तेव्हा ती घुसखोरी होती, हे दहा जण गेले तर ती सेवा आहे. वेळ जातो रांगेतल्यांचा, पैसे मिळतात पार्कला. मायकल सँडल यांच्या २०१२ च्या 'व्हॉट मनी कान्ट बाय' या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण रांग ओलांडण्यावर आहे. तिथून वाचायला सुरुवात करा.

पण रांगा वेगळ्या करायचा पैसा हा एकच मार्ग नाही. पंढरपूरच्या दर्शनबारीत पदस्पर्शाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. पायावर डोकं ठेवायचं असेल तर जास्त तास थांबा, लांबून पाहायचं असेल तर लवकर या. इथे रांग ठरते ती तुम्हाला काय हवं आहे आणि त्यासाठी किती थांबायची तयारी आहे, यावर. 'बारी' हा शब्दच पाहा. त्याचा एक अर्थ पाळी. आपल्याकडे रांगेची कल्पना नसती तर हा शब्द कुठून आला असता?

आणि आता विरार लोकल

मॅडमचा दुसरा प्रश्न होता, "कुणाच्या तोंडचं?" त्याचं उत्तर मला पार्कात नाही, प्लॅटफॉर्मवर मिळालं.

१२ एप्रिल १८६७ रोजी बीबीसीआय रेल्वेची उपनगरी गाडी विरारहून मुंबईला बॅकबेपर्यंत धावू लागली. सकाळी एक गाडी जायची आणि संध्याकाळी परतायची. २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. आता गाड्या भरपूर आहेत, २००९ पासून १५ डब्यांच्याही आहेत, पण सकाळी लोकल रोलर कोस्टरसारखीच वागते. माणसं घासाघासाने घेते आणि जागा मोजक्या.

अशात नालासोपारा-वसईचे काही प्रवासी उलट्या दिशेने विरारला जातात आणि त्याच गाडीत बसून परत येतात. याला आम्ही 'रिटर्न' म्हणतो. विरारचा माणूस प्लॅटफॉर्मवर वाट पाहत उभा, आणि गाडी येते ती आधीच भरलेली. तो म्हणतो, हे घुसणं झालं. रिटर्नवाला म्हणतो, मी पास विरारपासूनचा काढलाय, अर्धा तास लवकर निघालोय, आणि गाडीत आधी चढलोय. दोघेही 'आधी आला त्याला आधी' हाच नियम सांगतात. एकाची रांग प्लॅटफॉर्मवर सुरू होते, दुसऱ्याची गाडीच्या दारात. भांडण नियम मानणारा आणि न मानणारा यांच्यात नाहीच. रांग कुठून मोजायची, यावर आहे.

लेडीज डब्यात तर रांग दिसतही नाही, पण असते. उभी असलेली बाई बसलेलीला विचारते, "कुठे उतरणार?" उत्तर आलं "अंधेरी", की ती सीट तिची. नंतर विचारणारीला सांगितलं जातं, "यांनी आधी सांगितलंय." कागद नाही, टोकन नाही, पण क्रम सगळ्यांच्या लक्षात असतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र नुसती गर्दी दिसते. "यांना रांग कळत नाही" हे वाक्य अशाच बाहेरून पाहणाऱ्याचं आहे. मी स्वतः दहा वर्षं त्या डब्यात सीट सांगून बसत आले, आणि तरीही सिनॉप्सिसमध्ये त्याचं वाक्य लिहिलं. याची मला आजही लाज वाटते.

तुमच्यासाठी तीन गोष्टी

एक. "लोकांची मानसिकता" हे कारण देऊन सुरुवात करू नका. आधी यंत्र, जागा, वेळापत्रक आणि तिकीट तपासा. जे गणिताने सुटतं ते संस्कृतीच्या माथी मारू नका.

दोन. नियम कुठे लिहिलाय ते शोधा. तिकिटाची मागची बाजू, सूचनाफलक, रेल्वेची जुनी वेळापत्रकं, वर्तमानपत्रांतला वाचकांचा पत्रव्यवहार. मुंबईत राज्य पुराभिलेखागार आहे, एशियाटिक सोसायटी आहे. आणि जे कुठेच लिहिलेलं नाही, त्यासाठी स्वतः उभे राहा, वही घेऊन.

तीन. प्रत्येक रांगेला एकच प्रश्न विचारा: इथे कुणाचा वेळ खर्च होतोय, आणि तो कुणाच्या खात्यावर जमा होतोय?

माझ्या नव्या सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य आता असं आहे: "रांग मोडणे कशाला म्हणायचे, हे कोण ठरवते, याचा हा अभ्यास आहे." मॅडमनी यावेळी रेघ मारली नाही. फक्त विचारलं, "त्या काकूंचं काय झालं?"

त्यांचं काही झालं नाही. त्या मुलाला घेऊन उभ्याच राहिल्या आणि आम्ही त्यांच्या आधी गाडीत बसलो. प्रबंधात त्यांचं नाव येणार नाही, मला ते माहीतच नाही. पण पहिलं प्रकरण त्यांच्या प्रश्नाने सुरू होतंय.