वूस्टरशायरचा रतीब

31 मार्च 2023 ला अहमदाबादेत तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर चेन्नईकडून आयपीएलमध्ये पहिल्यांदा उतरला आणि चार षटकांत 36 धावा देऊन तीन गडी टिपून गेला. अंडर-19 वर्ल्ड कप जिंकून आलेल्या या पोरावर आदल्या वर्षीच दीड कोटींची बोली लागली होती. धाराशिव जिल्ह्याला मिरवायला एवढं पुरे होतं. पण त्या हंगामात त्याला सामने मिळाले दोनच. चेंडू टाकायलाच मिळाला नाही, तर फास्ट बोलर शिकणार कुठे?

श्रीरामपूरच्या झहीर खाननं याच प्रश्नाचं उत्तर 2006 साली इंग्लंडात शोधलं. तेव्हा तो 27 वर्षांचा, भारतीय संघाबाहेर, आणि बोर्डाच्या करारातही एक पायरी खाली उतरवलेला. इंजिनिअर देशात ढिगानं आहेत, तू फास्ट बोलर हो, असं सांगून वडिलांनी ज्याला मुंबईला आणलं, त्याची गाडी अशी अडली होती.

वूस्टरशायर काउंटीनं त्याला घेतलं ते परदेशी खेळाडू म्हणून. 1968 साली नियम सैल झाल्यापासून काउंट्यांमध्ये ही प्रथाच पडली होती. मुंबईचा फारुख इंजिनिअर त्याच वर्षी लँकेशायरला गेला आणि तिथे रमला. सुनील गावसकर 1980 मध्ये सॉमरसेटला जाऊन एका हंगामात परतला. काउंटी म्हणजे झगमगाट नव्हे, दुधासारखा रतीब आहे. 2006 साली प्रत्येक संघाला चार-चार दिवसांचे 16 सामने होते. थंडी, ओलसर खेळपट्टी, तुरळक प्रेक्षक. पाठ दुखली तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा रनअप.

पहिल्याच सामन्यात सॉमरसेटविरुद्ध झहीरनं दहा गडी घेतले. सामना वूस्टरशायर हरलं, पण या काउंटीकडून पदार्पणात दहा बळी घेणारा गोलंदाज शंभरहून अधिक वर्षांत झाला नव्हता.

जूनमध्ये एसेक्सशी गाठ पडली. पडलेले नऊच्या नऊ गडी झहीरचे. दहावाही मिळता, तर एका डावात दहाही गडी घेणारा तो वूस्टरशायरचा पहिलाच गोलंदाज ठरला असता. चेंडू डॅरेन गॉफच्या बॅटची कड घेऊन मागे गेला आणि यष्टिरक्षक स्टीव्हन डेव्हिसच्या हातून झेल सुटला. गॉफ स्वतः फास्ट बोलर. नऊ बळींवर अडकणं काय असतं, हे त्या मैदानावर त्याच्याइतकं कोणाला कळणार! आकडा राहिला 138 धावांत 9.

हंगामअखेर त्याच्या नावावर 78 बळी होते आणि वूस्टरशायर वरच्या गटात गेलं.

त्याच डिसेंबरात तो भारताकडून जोहान्सबर्गला खेळला आणि दक्षिण आफ्रिकेत भारतानं पहिली कसोटी जिंकली. 2007 मध्ये ट्रेंट ब्रिजवर त्यानं नऊ गडी घेतले, मालिका भारताची झाली आणि पुढच्या वर्षी विस्डेननं त्याला वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंत बसवलं. वूस्टरशायरकडून मात्र तो खेळला तेवढा एकच हंगाम.