सुधारित न्यूटनीय गतिकी

दीर्घिकांतील ताऱ्यांच्या वेगाचा उलगडा अदृश्य कृष्णद्रव्य न मानता, गतीच्या नियमातच बदल करून करू पाहणारा सिद्धांत. इस्रायली भौतिकीविज्ञ मोर्डेहाय मिलग्रोम यांनी तो १९८३ मध्ये मांडला. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांच्या १९७० च्या दशकातील निरीक्षणांत सर्पिल दीर्घिकांच्या कडेचे तारे आतल्या ताऱ्यांइतक्याच वेगाने फिरताना दिसले. दृश्य वस्तुमानाचे आकर्षण त्यांना धरून ठेवायला अपुरे होते. मिलग्रोम यांच्या मते त्वरण सुमारे १.२ × १०⁻¹⁰ मी./से.² च्या खाली गेले, की गुरुत्व न्यूटनच्या नियमापेक्षा सावकाश घटते. यातून दृश्य वस्तुमान परिभ्रमणवेगाच्या चौथ्या घाताशी समप्रमाणात असते, हा संबंध थेट निघतो. वायूने भरलेल्या फिकट दीर्घिकाही तो पाळतात, आणि सिद्धांताचे खरे बळ इथेच आहे. इतक्या भिन्न दीर्घिका एकाच स्थिरांकाशी जुळाव्यात, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

कृष्णद्रव्याचे कण प्रयोगशाळेत अजून सापडलेले नाहीत, हा समर्थकांचा मुद्दा रास्त आहे; पण तेवढ्याने पर्याय सिद्ध होत नाही. दीर्घिकासमूहांना हा नियम लावूनही वस्तुमान कमीच पडते. बुलेट समूहात, म्हणजे एकमेकांवर आदळलेल्या दोन दीर्घिकासमूहांत, दृश्य द्रव्याचा मोठा वाटा उष्ण वायूचा असूनही गुरुत्वीय भिंगाने दाखवलेले वस्तुमान त्या वायूपासून अलग आढळले (२००६). जेकब बेकेनस्टाइन यांनी २००४ मध्ये दिलेले सापेक्षतावादी रूपही २०१७ मध्ये एकाच स्रोताकडून निघालेले गुरुत्वीय तरंग आणि प्रकाश जवळजवळ एकाच वेळी पोचल्याने मूळ स्वरूपात टिकले नाही. दीर्घिकांपुरता हा नियम विलक्षण अचूक आहे. विश्वरचनेचा सिद्धांत म्हणून मात्र तो अपुरा ठरतो.