बाळू पालवणकर: मैदान आणि निवडणूक

गुणी खेळाडूस जात आडवी येत नाहीं, ही समजूत बाळू पालवणकरांच्या चरित्रानें खोटी ठरविली. पुण्यांत गोऱ्यांना सरावासाठीं चेंडू टाकीत ते घडले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यांत त्यांनीं शंभरांहून अधिक बळी घेतले. तरी चांभार कुळांत जन्मल्यामुळें हिंदू संघाचें कर्णधारपद त्यांना रीतसर लाभलें नाहीं. १९२० सालीं याच अन्यायापायीं धाकटे बंधू विठ्ठल व शिवराम संघाबाहेर पडले. १९२३ मध्यें अखेर विठ्ठल कर्णधार झाले. पुढें स्वतंत्र मतदारसंघांच्या वादानें दलित समाजांत दुफळी माजली. ज्या डॉ. आंबेडकरांनीं तरुणपणीं बाळूंचा गौरव केला, त्यांच्याच विरुद्ध १९३७ च्या निवडणुकींत बाळू काँग्रेसतर्फे उभे राहिले आणि हरले. दुःख एक, वाटा दोन!