लिबर्टी ते मर्लिन : हैदराबाद स्क्वाड्रनांची इंजिने

निजाम मीर उस्मान अली खान (कारकीर्द 1911–48) यांच्या देणगीवरून ब्रिटिश हवाई दलाच्या ज्या तुकड्यांना ‘हैदराबाद’ हे नाव मिळाले, त्यांच्या विमानांची पिस्टन इंजिने. किल्लारी, औसा, उमरगा हा मराठवाड्यातला मुलूख तेव्हा निजामाचा. दिवाणी (सरकारी) असो वा सर्फेखास (निजामाचा खासगी), तिथल्या तिजोरीचा मोठा आधार शेतसारा होता. म्हणून विमानविद्येच्या या नोंदीत मराठवाड्याचा उल्लेख आलाच पाहिजे.

पहिल्या महायुद्धात 110 क्रमांकाच्या तुकडीची डीएच-9ए बाँबफेकी विमाने निजामाच्या देणगीतली. आधीच्या डीएच-9 चे 230 अश्वशक्तीचे प्यूमा इंजिन कमजोर आणि बेभरवशाचे. त्याजागी 400 अश्वशक्तीचे अमेरिकन लिबर्टी आले. मे 1917 अखेरीस अभियंते जेसी व्हिन्सेंट व एल्बर्ट हॉल यांनी वॉशिंग्टनच्या हॉटेलात बसून काही दिवसांत त्याचा आराखडा काढला. नवे प्रयोग टाळायचे, पारखलेलेच भाग घ्यायचे आणि मोटारींच्या कारखान्यांत ते हजारोंनी काढायचे, हे धोरण. अशी 20,000 हून अधिक इंजिने झाली.

दुसऱ्या महायुद्धात 152 क्रमांकाच्या ‘हैदराबाद’ तुकडीने 1940 मध्ये स्पिटफायर घेतली. 1943 अखेर ती ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आली. तिच्या स्पिटफायरचे रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनही लिबर्टीसारखे बारा सिलिंडरांचे, व्ही आकाराचे, द्रवाने थंड होणारे. आकारमानही तेवढेच, सुमारे 27 लिटर. शक्ती मात्र 1940 मध्ये 1,000 अश्वशक्तीवर, आणि ब्रह्मदेशातल्या स्पिटफायरच्या आठव्या आवृत्तीत सुमारे 1,700.

हे बळ सिलिंडर न वाढवता आले. लिबर्टी मिनिटाला सुमारे 1,700 फेरे घेई, मर्लिन 3,000. उंचीवर हवा विरळ होते. सुपरचार्जर ती दाबून सिलिंडरांत भरतो. दाब वाढला की साध्या पेट्रोलचा अवेळी भडका उडून पिस्टन फुटतात. 100 ऑक्टेनच्या इंधनाने ते टळले. गणिती स्टॅनली हूकर यांनी सुपरचार्जरमधला हवेचा प्रवाह सुधारला. पुढे सुपरचार्जर दोन टप्प्यांचा झाला, आणि दाबाने तापलेली हवा आत शिरण्याआधी थंड करण्याची सोय आली. इंजिनाच्या इतिहासात हूकर यांचे हे काम फार मोलाचे आहे.

110 तुकडीचे एफ 1010 हे विमान ऑक्टोबर 1918 मध्ये जर्मनांच्या हाती लागले. आज ते ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयात आहे. त्यावर देणगीदार म्हणून निजामाचे नाव आहे. सारा भरणाऱ्या रयतेचा उल्लेख नाही.