कुलाबा किल्ल्याची वाट : एक दुरुस्तीची नोंद

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं सेक्रेटरींनी सांगितलं तेव्हा विषय शोधावा लागला नाही. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीत जे काही मिळून झालं, त्यात पावसाळा सरल्यावर निघणारी कुलाबा किल्ल्याची पायी फेरी मला सगळ्यांत जवळची. पहिल्या वर्षी आम्ही जेमतेम सात-आठ जण होतो. पुढं मुलं मोठी झाली, सुना-जावई आले, नातवंडं आली. वाटेत इतिहास सांगण्याचं काम माझ्याकडं असे. बँकेत जन्म गेलेल्या माणसाला एक शिस्त लागलेली असते. खात्यात चुकीची नोंद सापडली तर ती खोडायची नसते, दुरुस्तीची वेगळी नोंद घालायची असते. तशी एक नोंद आज घालतो.

आधी वाट. आपल्या गेटमधून निघून हिराकोटावरून आपण समुद्रावर येतो. काळ्या दगडांचा हा हिराकोट कान्होजी आंग्र्यांनी १७२० मध्ये बांधला. पुढं तिथं तुरुंग झाला, म्हणून आपण आतून तो पाहिलेला नाही. किनाऱ्यावर आलं की समोर पाण्यात कुलाबा. भरती असेल तर होडी, सुकती असेल तर चालत. ओली वाळू, मग शेवाळलेले खडक, कुठं घोट्याएवढं पाणी, आणि वीस-पंचवीस मिनिटांत महादरवाजा.

किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी मार्च १६८० मध्ये सुरू करवलं. ३ एप्रिलला महाराज गेले. काम पुरं केलं ते संभाजी महाराजांनी. तटाचे प्रचंड चिरे नुसते एकावर एक रचलेत, मध्ये चुना नाही. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथंच मोडतो. सव्वातीनशेहून जास्त पावसाळे ही भिंत उभी आहे. आपल्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग आपण किती वेळा केलं, ते कमिटीला विचारा!

मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी यांचं हे मुख्य ठाणं. १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन अलिबागवर चालून आले. हजारो माणसं, मोठी जहाजं, वर कमोडोर मॅथ्यूज. बाजीराव पेशवे मदतीला धावून आले. दोन मित्रांचं आपसांत पटेना. १७२२ च्या जानेवारीत पोर्तुगीजांनी वेगळा तह केला आणि इंग्रज हात हलवत परत गेले. कान्होजी १७२९ साली वारले. त्यांची समाधी गावातच, छत्रीबागेत आहे. किल्ल्यातलं सिद्धिविनायकाचं देऊळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलं. शेजारी पुष्करणी आहे, आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर आहे.

आता चूक. उत्तरेच्या तटावर गाड्यांवर चढवलेल्या दोन तोफा आहेत. तिथं उभा राहून मी दर वर्षी हात पसरून सांगत असे, "ह्याच तोफांनी कान्होजींनी इंग्रजांना पाणी पाजलं!" मुलं टाळ्या वाजवत, तोफेवर बसून फोटो काढत. मलाही आवडायचं ते. एका वर्षी तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी, तेव्हा सहावीत असेल, गाड्यापाशी वाकून काहीतरी वाचत होती. म्हणाली, "आजोबा, इथं १८४९ लिहिलंय. कान्होजी तर १७२९ मध्येच गेले ना?"

मी चष्मा लावून वाकलो. १८४९, आणि पुढं यॉर्कशरच्या लो मूर कारखान्याचं नाव. इतकी वर्षं मी त्या अक्षरांच्या शेजारी उभा राहून बोलत होतो. चारचौघांत चूक कबूल करायची लाज वाटली. "बघू नंतर," म्हणून मी विषय बदलला. परतीच्या वाटेवर ती पोर माझ्याशी बोलली नाही. मला चूक झाल्याचं तेवढं नाही, या 'बघू नंतर'चं जास्त वाईट वाटतं.

मग वाचून पाहिलं. आंग्र्यांच्या गादीला वारस उरला नाही, दत्तक घ्यायला कंपनीनं मान्यता दिली नाही आणि १८४० मध्ये संस्थान खालसा झालं. म्हणजे १८४९ चे हे गाडे आले तेव्हा किल्ल्यावर कंपनीचा अंमल होता. ज्या तोफांवर बसून आपण कान्होजींचा जयजयकार केला, तो साहेबाचा सरंजाम! एवढ्या जहाजांना जे जमलं नाही ते शेवटी कागदानं झालं. कागदात आयुष्य काढलेल्या माझ्या हे आधी ध्यानात यायला हवं होतं.

ती मुलगी आता नोकरीसाठी पुण्याला असते. स्मरणिका तिच्या घरी जाईलच. बाळ, तुझं बरोबर होतं.

आणखी एक गोष्ट पुढच्यांच्या हाती द्यायची आहे. तिथीला तिनानं गुणा, चारानं भागा. येईल तो भरतीचा तास, ही आपल्याकडच्या कोळ्यांची रीत. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण सुकती. तृतीयेला सव्वादोनची भरती, म्हणजे सकाळी सव्वाआठला सुकती. फेरीला हा दिवस उत्तम. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी नीट हटत नाही, तेव्हा जाऊ नये. हा झाला अंदाज. निघण्याआधी किनाऱ्यावर त्या दिवसाची वेळ विचारूनच घ्यायची, आणि पाणी वळायच्या आत परत फिरायचं. फोटोपायी थांबलेली माणसं दर वर्षी अडकतात.

माझे गुडघे आता शेवाळावर भरवशाचे राहिले नाहीत. दोन वर्षं मी किनाऱ्यावरच बसून मंडळींची वाट पाहतो. यंदा पाऊस उघडला की कार्तिकातली तृतीया धरून फेरी काढा. इतिहास कुणीतरी तरुणानं सांगावा. तोफेपाशी आलात की आधी गाड्यावरचं साल वाचा, मग बोला. आणि एखाद्या पोरानं अडवलं तर त्याला "बघू नंतर" म्हणू नका.