परत मागवलेले खेळणे

दिलेली वस्तू परत मागू नये, असा आपल्याकडे शिष्टाचार आहे; मुलाच्या हाती दिलेले खेळणे तर मुळीच नाही. उत्पादकाने स्वतः विकलेले खेळणे धोक्याचे निघाले म्हणून घराघरांतून परत मागवावे, ही कल्पना आपल्या कायद्यात फार उशिरा आली, आणि कायद्यात आल्यावरही ती घरापर्यंत पुरती पोहोचलेली नाही. हे असे का झाले, याचा विचार नवी मुंबईच्या अंगाने करणे आम्हांस उचित वाटते. परदेशी मालाचे कंटेनर ज्या न्हावा-शेवा बंदरात उतरतात, ते १९८९ साली सुरू झालेले बंदर या शहराच्या शेजारी आहे. खेळण्यांसंबंधीच्या आपल्या धोरणाचा बराचसा इतिहास बंदराच्या फाटकाशीच घडला आहे.

प्रथम ही प्रथा जिथे रुजली तिथे पाहू. अमेरिकेत १९६९ साली मुलांच्या संरक्षणाचा आणि खेळण्यांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. १९७२ च्या कायद्याने ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र आयोग निर्माण केला आणि १९७८ साली घरगुती वापराच्या व खेळण्यांवरच्या शिसेयुक्त रंगांवर बंदी आली. या आयोगाच्या सूचनांचा साचा ठरलेला असतो : वस्तूचे नाव, नगांची संख्या, धोका कोणता, ती कोठे व केव्हा विकली गेली, आणि ज्याच्या घरी ती आहे त्याने आता काय करावे. मजकूर अगदी रुक्ष. पण विक्री झाली म्हणून उत्पादकाची जबाबदारी संपत नाही, हे तत्त्व त्या रुक्ष मजकुरात गृहीत धरलेले आहे.

या व्यवस्थेची मोठी परीक्षा २००७ च्या ऑगस्टमध्ये झाली. महिन्याच्या आरंभी मॅटेल कंपनीच्या फिशर-प्राइस विभागाने ८३ प्रकारची सुमारे ९ लाख ६७ हजार खेळणी अमेरिकेत परत मागवली. त्यांच्या रंगात शिसे आढळले होते. दोनच आठवड्यांनी जगभरातली सुमारे १ कोटी ८२ लाख खेळणी परत मागवण्यात आली. ती मात्र सुट्या होणाऱ्या लहान, शक्तिमान चुंबकांमुळे. मुलाने अशी दोन चुंबके गिळली, तर ती आतड्याच्या दोन पदरांतून एकमेकांना ओढतात आणि आतड्याला भोक पडते. खेळणी चीनमध्ये तयार झालेली असल्यामुळे जगभर ‘चिनी खेळणी’ हाच गुन्हेगार ठरला. रंगाच्या प्रकरणातल्या एका चिनी कारखान्याच्या मालकाने त्याच महिन्यात आत्महत्या केली. सप्टेंबरमध्ये मॅटेलच्या अधिकाऱ्याने बीजिंगला जाऊन चीनची माफी मागितली आणि परत मागवलेल्या खेळण्यांपैकी बहुसंख्य खेळण्यांत दोष कंपनीच्या स्वतःच्या आराखड्याचा होता, हे मान्य केले. आराखडा अमेरिकेचा, कारखाना चीनचा, आणि धोका ज्या घरात खेळणे गेले त्या घराचा. पुढच्या वर्षी, १४ ऑगस्ट २००८ रोजी, अमेरिकेने अधिक कडक कायदा केला.

आपल्याकडे याच सुमारास काय चालले होते? ‘टॉक्सिक्स लिंक’ या संस्थेने दिल्ली, मुंबई आणि चेन्नईच्या बाजारांतून मऊ प्लास्टिकची खेळणी घेऊन तपासली होती आणि त्यांत शिसे व कॅडमियम सापडल्याचे २००६ साली प्रसिद्ध केले होते. शिशाचे वैशिष्ट्य असे, की ते गाजावाजा करत नाही. चुंबक गिळलेल्या मुलाला आज ना उद्या पोटात दुखू लागेल. पण चाटून चाटून थोडे थोडे शिसे पोटात गेलेल्या मुलाला वरकरणी काहीच होत नाही. मेंदूची वाढ खुंटते ती वर्षांच्या हिशेबाने, आणि तेव्हा ते खेळणे केव्हाच भंगारात गेलेले असते. शरीरात शिशाचे अमुक इतके प्रमाण निर्धोक, असे म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे.

शासनाने उपाय केला तो फाटकाशी. २३ जानेवारी २००९ रोजी चिनी खेळण्यांच्या आयातीवर सहा महिन्यांची बंदी घालण्यात आली. २ मार्चला ती सैल करून ठरावीक मानकांचे प्रमाणपत्र असलेल्या मालाला वाट देण्यात आली. बंदीने येणारा माल थांबला. आलेल्या मालाविषयी तिला काही म्हणायचे नव्हते. त्या वेळचा १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदाही धोकादायक माल विकू नये आणि विक्रीतून काढून घ्यावा, इतकाच आदेश देण्याची सोय करीत होता. म्हणजे कायद्याचा हात दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचत होता. तिथून पुढे, घरातल्या खेळण्यांच्या टोपलीपर्यंत, तो जात नव्हता.

पुढील दशकात हे चित्र कागदावर तरी पालटले. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१६ च्या कायद्याने मानकाला न उतरणारा माल परत मागवण्याचा आदेश देता येऊ लागला. भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ साली आयात खेळण्यांचे १२१ नमुने तपासले, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश नापास झाले. त्यानंतर खेळण्यांवरील गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश २०२० साली निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास धोकादायक वस्तू परत मागवण्याचा आणि पैसे परत देवविण्याचा अधिकार दिला. २०२३ च्या जानेवारीत ब्यूरोने देशभरच्या नामवंत दुकानांतून चिन्ह नसलेली १८ हजारांहून अधिक खेळणी जप्त केल्याचे जाहीर केले.

जप्ती झाली ती दुकानांतल्या मालाची. विकल्या गेलेल्या खेळण्यांचे काय? इथे आम्हांस मुख्य अडचण दिसते. परत मागवण्यासाठी कोणाकडून मागवायचे हे ठाऊक असावे लागते. मोटारीचे उदाहरण घ्या. नवी मुंबईतल्या मोटारीवर ‘एमएच ४३’ लिहिलेले असते. त्या क्रमांकामागे मालकाचे नाव आणि पत्ता असतो, म्हणून सदोष ब्रेकची मोटार शोधून काढता येते. वाशीच्या किंवा नेरुळच्या स्थानकाबाहेर चादरीवर मांडलेल्या खेळण्यामागे विकणाऱ्याचे नाव नसते, घेणाऱ्याचे नसते, आणि पुष्कळदा करणाऱ्याचेही नसते. पावती हा प्रकार तिथे नाहीच.

जिथे नाव असते तिथे ही व्यवस्था चालू शकते, याचा दाखला खेळण्यांबाहेरचा आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये प्राधिकरणाने मानकाला न उतरणारे प्रेशर कुकर विकल्याबद्दल अ‍ॅमेझॉनला आदेश दिला : विकलेल्या २,२६५ कुकरांच्या सर्व ग्राहकांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या. असाच आदेश फ्लिपकार्टलाही ५९८ कुकरांबद्दल निघाला. या आदेशांना न्यायालयात आव्हान दिले गेले, हे खरे. पण ग्राहकांची नेमकी संख्या सांगता आली, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. यादी होती, म्हणून आदेशाला अर्थ होता. आणि यादी ही काही संगणकानेच दिलेली देणगी नाही. १९७५ साली स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत शेजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याच्या मागणीपत्रानुसार माल वाटते. कोणती वस्तू कोणत्या घरी गेली, हे तिथे कागदावर असते.

या चर्चेत कोकणाचाही एक प्रश्न आहे. २०२० च्या डिसेंबरात नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या खेळण्यांना या आदेशातून सूट देण्यात आली. सावंतवाडीच्या चिताऱ्याने प्रयोगशाळेचा खर्च कोठून करावा, हे पाहता ती रास्तच आहे. परंतु सूट मिळाली म्हणजे तपासणी झाली, असे नव्हे. कारागिराचे रंग सरकारी खर्चाने तपासून देण्याची सोय झाली, तर त्याची अब्रू आणि मुलाचा जीव दोन्ही राखले जातील.

असो. न्हावा-शेवाला कस्टमचे अधिकारी कंटेनर उघडून पाहतात, ते काम आवश्यकच आहे. पण प्रत्येक कंटेनरमधले प्रत्येक खेळणे कोणी पाहू शकत नाही. त्यातून निसटलेले एखादे खेळणे आज ऐरोलीच्या किंवा पनवेलच्या घरात कोणाच्या तरी तोंडात असेल. त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी तीन साध्या गोष्टी लागतील : खेळण्यावर करणाऱ्याचा परवाना क्रमांक, घेणाऱ्याच्या हाती पावती, आणि परत मागवलेल्या खेळण्यांची मराठीत छापलेली, सोसायटीच्या फलकावर व अंगणवाडीच्या भिंतीवर लावता येईल अशी यादी. पहिली कायद्याने आली आहे. उरलेल्या दोन आपण मागितल्याखेरीज येतील, असे आम्हांस वाटत नाही.